फोर-केचं लग्न

काटोल रोडच्या लॉनवर मे महिन्यातलं लग्न. ड्रोन घोंगावत वर गेला की वऱ्हाडी हातातला घास तसाच ठेवून आभाळाकडे बघतात, त्यामुळे फुटेजभर आ वासलेली तोंडं. पण खरा मानपान पुढे सुरू होतो : एडिटिंगला सॉफ्टवेअर कोणतं?

प्रीमियर प्रो घ्याल तर भाडं भरत राहा. फायनल कट प्रो हवं तर आधी मॅक आणा. दा विंची रिझॉल्व्ह फुकट, आणि फुकटातही ३८४० बाय २१६० पर्यंतचा, म्हणजे फोर-के, व्हिडिओ काढून देतं. सीताबर्डीत यावर चहाच्या चार फेऱ्या होतात. "काहीही म्हण भाऊ, कलर रिझॉल्व्हचाच!" लॅपटॉपला झेपेल का, हे मात्र कोणी विचारत नाही. सेकंदाला १०० मेगाबिटने शूट केलं तर एका मिनिटाचे ७५० एमबी होतात. त्यात एच.२६५ कॉम्प्रेशन असलं तर बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून उलगडाव्या लागतात. बाहेर ४५ अंश, घरात लॅपटॉप कूलरपुढे, आणि टाइमलाइनवर नवरी एक पाऊल उचलून थिजलेली. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, करून घेतल्या तर तीच नवरी सरसर चालेल. ही सोय तिन्हींत आहे. पण प्रॉक्सीत कसली आली शान!

एवढं करून मामा ती फिल्म व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात आणि फोर-केचा पार भुगा होतो. तेव्हा सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, मामांना फक्त पेनड्राइव्ह द्या.