बसा म्हणेपर्यंत

रायर मामांना तुम्ही ओळखताच. तुमच्याकडे ते निवृत्त हेडक्लार्क असतील नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी. आमच्या तंजावूरच्या पश्चिम राजवीथीत ते रायर मामा. पोर पदवीधर झाल्याचा सुगावा लागला की हे दारात हजर. अभिनंदन वगैरे नाही. ‘बायोडेटा आण.’ आणला की लाल पेन्सिल. छंदांच्या रकान्यात ‘क्रिकेट बघणे’ दिसलं की पेन्सिलीचं टोक मोडतं.

उपदेश तसा काही वाईट नसतो. अर्धा तास आधी पोचावं. शिपायालाही वणक्कम करावा, कारण आतला मूड त्याला ठाऊक असतो. पगाराचा विषय आपण काढू नये. जुन्या साहेबाची निंदा नव्या साहेबापुढे करू नये. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती मामांच्या मूलमंत्राबद्दल : बसा म्हणेपर्यंत बसू नये.

आणि मामा हा मंत्र स्वतः पाळतात. आमच्याकडे येतात, तिण्णैच्या, म्हणजे ओसरीच्या, खांबाला न टेकता ताठ उभे राहतात. आई स्वयंपाकघरात, बाबा पेपरात; कुणी बोललं नाही तर मामाही बोलत नाहीत. आई पदराला हात पुसत बाहेर येते आणि ओरडते, ‘अय्यो मामा, बसा की!’ मग बसतात, खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर. एकदा न्हाव्याकडे खुर्ची रिकामी असून उभे राहिले. त्याला वाटलं, मामा कुणाची तरी वाट बघताहेत. त्याने मागून आलेली दोन गिऱ्हाइकं उरकली.

त्यांचा एक पट्टशिष्य त्रिचीच्या एका कंपनीत मुलाखतीला गेला. समोरचे तिघेही मोबाइलमध्ये. ‘उक्कारुंगो’ म्हणायचं तिघांच्याही राहून गेलं. पठ्ठ्याने सगळी मुलाखत उभ्याने दिली. शेवटी एकाने मान वर करून हळूच विचारलं, ‘पाठीचा काही त्रास आहे का?’ नोकरी गेली. मामा म्हणाले, ‘पण रीत राहिली!’ शिष्याच्या आईने महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

हटकलं की मामा एकच साक्षीदार काढतात : कुंभकोणमचे सर टी. माधवराव. १८२८चा जन्म, त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले. ‘माधवराव बसले असते का?’ यापुढे बोलायची सोय नाही. मी एकदा बोललोच. म्हटलं, मामा, १८४९ साली माधवराव त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवायला गेले, तोवर त्यांचे वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव त्याच संस्थानाचे दिवाण होऊन गेले होते. अशा उमेदवाराची खुर्ची तो यायच्या आधीच मांडलेली असते. मामांनी चष्मा पुसला. ‘तरीसुद्धा नसते बसले.’

खरं म्हणजे उमेदवारी आमच्या वस्तीच्या रक्तातच आहे. इथलं मराठी राज्य १७९९मध्येच ईस्ट इंडिया कंपनीच्या घशात गेलं होतं. राजांकडे उरला होता तंजावूरचा किल्ला आणि मान. १८५५मध्ये दुसरे शिवाजी महाराज गेले, मागे मुलगा नाही, तेव्हा तेही संपलं. मोडीचे फर्राटे ओढणारा सगळा फड बेकार झाला. त्यांची दप्तरं सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. त्यांची नातवंडं-पतवंडं इंग्रजी शिकून मद्रासच्या कचेऱ्यांबाहेर उभी राहिली. मामा हे सांगतात तेव्हा ‘उभी’वर जरा जोर देतात.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या, तेव्हा वशिला गेला म्हणून गल्लीतली पोरं खूश झाली. मामांच्या घरी सुतक. राज्याच्या ग्रुप फोर भरतीलाही लेखी परीक्षाच. ‘नुसते गोल काळे करून माणूस कळतो?’ त्यानंतर माझ्या भाच्याची मुलाखत संगणकाने घेतली. पलीकडे माणूसच नाही. पडद्यावर प्रश्न उमटतो, आपण कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं, बाजूला सेकंद उतरत असतात. भाचा वरून टाय आणि खालून वेष्टी अशा थाटात. मामा दाराआडून म्हणाले, ‘अरे, बसलास कसा? कोण म्हणालं?’ हे वाक्यही रेकॉर्ड झालं.

आता नाइलाजाने सांगतो. मामांच्या कपाटात एक पांढरा सदरा आहे, खास मुलाखतीचा. कुणाकडे धड सदरा नसला की मामी तो इस्त्री करून देतात. बाह्या लांब झाल्या तर आतून टाचून देतात. या गल्लीतल्या कितीतरी जणांचा पहिला पगार त्या सदऱ्यातून आला आहे, आणि हे कुणी कुणाला सांगत नाही. पोराबरोबर मामा बसने त्रिचीला जातात, फाटकाबाहेर लिंबाखाली फाइल धरून थांबतात. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून आभाराचं पत्र लिहून घेतात. उत्तर येत नाही. होकार नाही, नकारही नाही. मामा रोज पोस्टमनला विचारतात, आता ईमेल असला तरीही.

त्या सदऱ्यातूनच वर गेलेली एक मुलगी आज चेन्नईत मोठ्या कंपनीत माणसं निवडते. दिवाळीला आली, पेढे ठेवले, नमस्कार केला. एका जागेसाठी हजारभर अर्ज येतात, कौतुकाने सांगत होती.

‘ज्यांना घेतलं नाही त्यांना कळवतेस ना?’ मामांनी विचारलं.

‘कुठे मामा! तेवढा वेळ कुणाला असतो? समजून जातात.’

मामा काही बोलले नाहीत. तिला बस म्हणायचं मात्र अजून राहिलंच होतं, आणि ते राहिलंच. ती ओसरीवर उभी. मामा खुर्चीत, पहिल्यांदाच पाठ टेकून, पेपर उघडून. तिने खांबाचा आधार घेतला, मग सोडला. कुठे उभी आहे ते तिच्या लक्षात आलं. तिने फोन काढला.

‘दोन ओळी पुरतील का, मामा?’

‘पुरतील. नाव नीट घाल. “उमेदवार” असं लिहू नकोस.’

यादी लांब होती. मामींनी कॉफी तिला उभ्या उभ्याच दिली.