वाजवत नव्हते म्हणे!

अहो, जाहिरात देऊन पोरं गोळा केली होती! चांगल्या घरचा बँड कसा जमतो? शाळेतले दोस्त, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये ठोकाठोक, शेजाऱ्यांच्या शिव्या आणि मग कधीतरी नाव. ते सगळं सोडून सप्टेंबर १९६५ मध्ये हॉलिवूडच्या धंदेवाईक वर्तमानपत्रांत थेट मागणी: टीव्ही मालिकेसाठी चार वेडसर मुलगे पाहिजेत, वय १७ ते २१. चारशेच्या वर उमेदवार आले म्हणे. त्यांत स्टीफन स्टिल्सही होता, पुढे मोठा झालेला. त्याला नकार मिळाला, तर जाता जाता त्यानं आपल्या दोस्ताचं, पीटर टॉर्कचं, नाव पुढे सरकवलं. डेव्ही जोन्स मालिका काढणाऱ्या कंपनीच्या करारात आधीपासूनच अडकलेला. जाहिरात वाचून आलेला चौघांत एकटा मायकेल नेस्मिथ, डोक्यावर लोकरी टोपी घालून. चौथा मिकी डोलेंझ, लहानपणी टीव्हीवर सर्कशीतल्या पोराचं काम केलेला. त्याला ड्रमर केला. ड्रम्स येतात का? नाही. मग? शिकेल की!

हे झाले ‘द मंकीज’. एनबीसीवर मालिका १२ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली, पण पहिली रेकॉर्ड ‘लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल’ त्याआधीच ऑगस्टमध्ये दुकानात. बारशाआधी लग्नाची पत्रिका! आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली हो. नोव्हेंबरात गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. पुढचं ‘आय अॅम अ बिलीव्हर’ नील डायमंडनं लिहिलेलं. ते बाजारात येण्याआधीच दहा लाखांहून जास्त प्रतींची मागणी नोंदलेली होती. म्हणजे ऐकलं कुणी नाही, पैसे मोजायला मात्र सगळे तयार. ते सात आठवडे वरच्या पाटावरून हलेना. पहिला अल्बम १३ आठवडे अव्वल, त्याला खाली ढकललं कुणी, तर त्यांच्याच दुसऱ्या अल्बमनं, आणि तो बसला १८ आठवडे. सलग ३१ आठवडे एकाच घरात गादी. राजेरजवाड्यांनाही हेवा वाटावा.

आता खरं कुजबुजायचं ते ऐका. या अल्बमांवरची वाद्यं जवळजवळ सगळी दुसऱ्यांनीच वाजवलेली! लॉस एंजेलिसचे पगारी वादक स्टुडिओत यायचे, वाजवायचे आणि घरी जायचे. ही चौकडी फक्त गळा द्यायची. गाणी कुठली घ्यायची, कुणी गायची, हे ठरवायचे संगीताचे कारभारी डॉन कर्शनर. जानेवारी १९६७ मध्ये दुसरा अल्बम आला तेव्हा पोरं दौऱ्यावर होती आणि आपला अल्बम निघालाय हे त्यांना नंतर कळलं. मुखपृष्ठावर अंगात जेसी पेनी या दुकानाचे कपडे, मागच्या बाजूला कर्शनरसाहेबांनी आपल्या गीतकारांची केलेली वाहवा. नवरदेवाला मांडवात येऊन कळावं की लग्न आपलंच आहे!

मग बोभाटा झाला. आणि केला कुणी? खुद्द नेस्मिथनं. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’च्या माणसाला त्यानं सांगून टाकलं की रेकॉर्डवर आम्ही वाजवत नाही. झालं, सगळ्या रसिकांनी कानांवर हात ठेवले. केवढी फसवणूक! संस्कृती बुडाली! ज्यांनी चार दिवसांपूर्वी रांगा लावून रेकॉर्डी घेतल्या होत्या तेच आता नाकं मुरडू लागले.

एक विचारू? याच पगारी वादकांनी बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’वर वाजवलं, ते चाललं. बर्ड्सच्या ‘मिस्टर टॅम्बुरीन मॅन’ या गाण्यावर त्या बँडपैकी फक्त रॉजर मॅग्विननं वाद्य वाजवलं, तेही चाललं. आपल्याकडे तर नायक झाडाभोवती ओठ हलवतो आणि गातात रफीसाहेब. आजवर कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. मंकीज बिचारे निदान स्वतः गात तरी होते. शिवाय डिसेंबर १९६६ पासून स्टेजवर स्वतःच वाजवतही होते, पोरींच्या किंकाळ्यांत कुणाला ऐकू येत नव्हतं एवढंच.

पण खरा तमाशा बेव्हर्ली हिल्स हॉटेलात घडला. कर्शनरनी पोरांना बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातावर अडीच लाख डॉलरचा चेक ठेवला. कुणीही पाय धरले असते. नेस्मिथ म्हणाला, आमच्या रेकॉर्डवर आम्हीच वाजवणार, नाहीतर मी चाललो. कंपनीच्या वकिलानं करार नीट वाचायचा सल्ला दिला, तर या गृहस्थानं हॉटेलच्या भिंतीत ठोसा घातला. भिंतीला भोक! लोक पैसे मिळाले नाहीत म्हणून भिंती फोडतात, यानं पैसे मिळाले आणि काम मिळालं नाही म्हणून फोडली. घराणंच तसं धडपडं हो. टायपिंगच्या चुका झाकायचं ते पांढरं ‘लिक्विड पेपर’ त्याच्या आईनं शोधलेलं, आणि १९७९ मध्ये तिनं ती कंपनी जिलेटला पावणेपाच कोटी डॉलरला विकली.

थोड्याच दिवसांत कर्शनरनी पोरांना न विचारता आणखी गाणी बाहेर काढली आणि त्यांची गच्छंती झाली. मे १९६७ मध्ये ‘हेडक्वार्टर्स’ आला. निर्माता चिप डग्लस, आणि वाजवणारे बहुतेक हेच चौघं. तो पहिल्या क्रमांकावर गेला. किती दिवस? एक आठवडा. पुढच्याच आठवड्यात बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिल्या पाटावर आला आणि मग ११ आठवडे मंकीज दुसऱ्या पाटावर. पहिल्या दोन अल्बमांच्या अमेरिकेत पन्नास-पन्नास लाख प्रती खपल्याची नोंद आहे, या स्वकष्टाच्या अल्बमच्या वीस लाखांची. म्हणजे ‘वाजवत नाहीत’ म्हणून गळा काढणाऱ्यांपुढे वाजवून दाखवलं, तेव्हा ऐकायला निम्मेही आले नाहीत. पुढच्या ‘पायसेस, अॅक्वेरियस, कॅप्रिकॉर्न अँड जोन्स लिमिटेड’वर त्यांनी ड्रम्सना बहुतेक ठिकाणी पुन्हा बाहेरचा माणूस बसवला. हट्ट वाजवण्याचा नव्हताच, ठरवण्याचा होता. तोही अल्बम पाच आठवडे अव्वल. १९६७ या एका सालात चार अल्बम पहिल्या क्रमांकावर बसले. खोट्या बँडला इतकं खरं यश शोभतं का, तुम्हीच सांगा!

त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या कार्यक्रमाआधी वाजवायला कुणाला आणलं ठाऊक आहे? जिमी हेंड्रिक्सला! समोर शाळकरी पोरी ‘डेव्ही, डेव्ही’ करून घसा फोडतायत आणि हा गिटारीला आग लागल्यासारखा वाजवतोय. थोड्याच दिवसांत बाहेर पडला. सनातनी बायकांच्या एका संघटनेनं तक्रार केली म्हणून त्याला काढलं, अशी बातमी पसरली. ती एका पत्रकार बाईंनी गमतीत सोडलेली थाप होती. शहाण्या लोकांनी ती वर्षानुवर्षं पुढे वाढली.

थापांत नेस्मिथही मागे नाही. १९७७ मध्ये एका पत्रकाराला त्यानं ठोकून दिलं की १९६७ साली आमच्या रेकॉर्डी बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या मिळून खपल्या त्याहूनही जास्त खपल्या. ते छापून आलं, मग दुसऱ्यांनी छापलं, मग तो इतिहास झाला. २०१७ च्या आत्मचरित्रात त्यानं मान्य केलं की तो आकडा निव्वळ बनवलेला होता. वाद्यांच्या बाबतीत तो खरं बोलला तर लोक खवळले, खपाच्या बाबतीत खोटं बोलला तर चाळीस वर्षं विश्वास ठेवला.

आणि सरकार? एफबीआयनं यांची फाइल ठेवली होती! १९६७ च्या कार्यक्रमात पडद्यावर झळकलेल्या चित्रांमध्ये डावे राजकीय संदेश लपलेत, असा एका खबऱ्याचा अहवाल. जोन्स, टॉर्क, नेस्मिथ एकेक करून गेले, तेव्हा २०२२ मध्ये डोलेंझनं ती फाइल पूर्ण दाखवा म्हणून एफबीआयवर दावा लावला.

कर्शनर या सगळ्यातून एक धडा शिकले. पुढच्या वेळी त्यांनी करार वाचणारी, दौऱ्यावर जाणारी, भिंती फोडणारी पोरं घेतलीच नाहीत. ‘द आर्चीज’ हा कार्टूनमधला बँड घेतला. ‘शुगर, शुगर’ हे त्यांचं गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि बिलबोर्डच्या हिशेबात १९६९ या वर्षाचं सगळ्यात मोठं गाणं ठरलं. चित्रातली पोरं, हातात चित्रातल्या गिटारी. ती खरंच वाजवतात का, असं मात्र कुणी विचारलं नाही.