दहा लक्षांची सायकल

सन १९९६ मध्ये जपानात ‘गेम बॉय’ नामक मुठीत मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन’चा जो पहिला खेळ अवतरला, त्यातील अद्भुत प्राण्यांचे वैचित्र्य आणि आगीवर पाण्याने, पाण्यावर वनस्पतीने व वनस्पतीवर पुन्हा आगीने मात करावी अशी ती चक्राकार युद्धनीती, यांविषयी आमच्या मनात निस्सीम आदर आहे, आमची तक्रार आहे ती तेथील कारभाराविषयी. सायकलीची किंमत १०,००,००० येन आणि खेळाडूच्या थैलीची कमाल मर्यादा ९,९९,९९९, म्हणजे हयातभर लढाया मारल्या तरी एका येनाची तूट अटळ. सायकल मिळते ती पोकेमॉनप्रेमींच्या मंडळाच्या अध्यक्षमहाशयांचे आपल्या लाडक्या पोकेमॉनविषयीचे स्तुतिपर पुराण निमूट ऐकून पदरात पडणाऱ्या चिठ्ठीवर, आणि तीही फुकट! सॅफ्रन शहराच्या नाक्यांवरील तहानलेले पहारेकरी वाट अडवून उभे असतात, परंतु एकाला शीतपेय पाजताच चारही नाक्यांवरचा बंदोबस्त विरघळतो. (ही रीत आम्हांस मुळीच परकी वाटली नाही.) वशिला चालत नाही तो केवळ गुहेत: तेथे झुबॅट नावाचे वटवाघूळ पावलोपावली, बिनहुकमी व बिनदिक्कत, हजर होते.