रेकॉर्डला काय आहे?

सातारा भागात फौजेतून घरी आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. शिपाई म्हणून जावो की नाईक म्हणून परत येवो, एसटीच्या टपावरून काळी ट्रंक खाली उतरली की गाव त्याला बढती देऊन मोकळं होतं. आमचे मेजर मात्र या बढतीला हरकत घेणारे. "हवालदार म्हणायचं. रेकॉर्डला तसं आहे," असं ते आजही बजावतात, आणि चहावाला "बरं मेजर" म्हणत कप पुढे सरकवतो.

1971 साली ते पश्चिम सीमेवर होते. त्याबद्दल विचारलं तर "होतो. थंडी फार होती," एवढ्यात लढाई आटोपते. पण दुरुस्तीचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, कसा निघतो हे चुकून विचारा, की संध्याकाळ गेली म्हणून समजा. खाकी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक निघतं, मग शीटरोलची, म्हणजे नोकरीच्या नोंदींची, नक्कल, मग पत्रव्यवहार. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पोस्टाच्या पावतीला टाचणी मारलेली.

फौजेत जवानाचं लग्न झालं, मूल झालं, तरी ते पार्ट टू ऑर्डरमध्ये आल्याशिवाय झालं असं धरत नाहीत. वऱ्हाड जेवून गेलं तरी नवरा कागदावर बिनलग्नाचाच. मेजरांनी हा कायदा गावाला लागू केला आहे. नातू झाल्याचा पेढा कुणी हातावर ठेवला, की ते विचारतात, "नोंद केली का?" ग्रामपंचायतीची पावती दाखवेपर्यंत पेढा तोंडात जात नाही.

त्यांच्या ओसरीवर माजी सैनिक आणि वीरपत्नी तर येतातच, पण मुख्य गिऱ्हाईक साध्या पेन्शनरांच्या विधवांचं. त्यांच्या नावातली चूक नवऱ्याच्या भरतीपासूनची. भरतीनंतर हिंदी मुलखातला क्लार्क भराभर लिहीत असतो, समोर धाप लागलेला पोरगा सावधानमध्ये उभा असतो, आणि जे ऐकू येईल ते कागदावर चढतं. एका इंदूबाईंच्या नावाच्या रकान्यात 'हिंदू' आणि धर्माच्या रकान्यात 'इंदू' लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं. नवरा असेपर्यंत अशी चूक डाळीतल्या खड्यासारखी गप्प असते. तो गेला, की बँक, आधार आणि पीपीओ अशा तीन कागदांवर तीन बायका उभ्या राहतात, आणि आपण तिघी मिळून एकच आहोत असं प्रतिज्ञापत्र बाईला करावं लागतं. तोवर इकडे जिथे रेकॉर्ड असतं ते बेळगाव सरकारी कागदावर 2014 साली बेळगावी झालं (आपण म्हणत नाही, ते वेगळं), आणि जिथून पेन्शनचे आदेश निघतात ते इलाहाबाद 2018 साली प्रयागराज झालं. अख्खी शहरं नाव बदलून मोकळी. इंदूबाई मात्र अजून हिंदूच!

जन्मतारखांचं प्रकरण याहून अवघड. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला 1 जूनला जन्माला घातलेलं. फौजेत गेलेल्या दोघा सख्ख्या भावांत थोरल्याची तारीख 1 जून 1955 आणि धाकट्याची 12 मार्च 1955. म्हणजे धाकटा थोरला झाला आणि आईची तीन महिन्यांच्या आत दोन बाळंतपणं झाली. भाऊ दुरुस्तीला आले तेव्हा मेजरांनी दोन्ही कागद डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि निकाल दिला, "भरतीला लिहून दिलेली तारीख फौज सहजासहजी बदलत नाही. आईला समजावा."

विधवांच्या वयाला मात्र ते पदर खोचून उभे राहतात, कारण तिथे पैसा आहे. ऐंशी वर्षं पुरी झाली की कुटुंब निवृत्तिवेतनात वीस टक्के भर पडते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. एरवी वय चोरणारी बाईमाणसं इथे वय वाढवून मिळावं म्हणून भांडतात. एका आजींचं जन्मसाल कागदावर 1958 होतं. मेजरांनी विचारलं, "कोयनेचा भूकंप आठवतो का?" आजी म्हणाल्या, "न आठवायला काय झालं? तिसरं अंगावर पीत होतं." मेजरांनी चष्मा पुसला आणि अर्जात लिहिलं : दि. 11 डिसेंबर 1967 रोजी अर्जदार रेकॉर्डनुसार नऊ वर्षांच्या असून तीन अपत्यांच्या माता होत्या, तरी योग्य तो विचार व्हावा.

या कामाचे ते पैसे घेत नाहीत. तालुक्याला एजंट आहेत, ते घेतात आणि काम लवकरही करतात. मेजरांची फी म्हणजे त्यांचं ऐकून घेणं, आणि ती कधी कधी महाग पडते. आता 'स्पर्श' नावाची पेन्शनची संगणकावरची व्यवस्था आली आहे. सेंटरवरचा पोरगा "काका, मिसमॅच दाखवतंय" म्हणाला की मेजरांच्या चेहऱ्यावर तेज चढतं.

स्वतःलाही ते सूट देत नाहीत. त्यांच्या नावावर पदकांत 'पूर्वी स्टार' चढला होता. तो पूर्वेच्या आघाडीचा, हे पश्चिमेचे. पश्चिमी स्टार मागायचा सोडून यांनी आधी पूर्वी स्टार काढून टाकण्याचा अर्ज केला. "राहू द्या की, फुकटचा आलाय," असं समोरच्या बाबूनं म्हटल्यावर ते त्याच्याकडे असे बघत राहिले, की बाबूनं उठून खिडकी लावून घेतली.

एवढ्या माणसाचं एक प्रकरण घरातच अडलंय. काकूंचं नाव हौसाबाई. रेकॉर्डला हंसाबाई. मेजरांनी प्रतिज्ञापत्र टाईप करून आणलं, तर काकू अंगठाही देईनात आणि सहीही करीनात. म्हणाल्या, "हंसाच बरं हाय."

"अगं, मी गेल्यावर पेन्शन अडकंल."

"मग आधारला हंसा करा."

"पण खरं नाव हौसा ना?"

"खरं? म्हायेरी मी तारा होते. बोहल्यावर तांदळात हौसा लिव्हलंत, तवा कुणी अर्ज मागितला हुता?"

यावर मेजरांकडे पार्ट टू नव्हती. परवा ते माझ्याकडे राजपत्रात नाव बदलण्याचा फॉर्म घेऊन आले. जुने नाव, नवे नाव, पत्ता, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. पेन 'नाव बदलण्याचे कारण' या रकान्यावर अडलं होतं.

"'पसंत' एवढंच लिहिलं," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तर चालतं का हो?"