शॉर्टकटची सात वर्षं

मराठीत पोरीला डॉक्टर 'करतात', इंजिनिअर 'करतात', आणि नर्सिंगला 'टाकतात'. एकदा टाकायचंच म्हटल्यावर रस्ता कोण बघतो? आमच्या सोसायटीतल्या भाऊंनी परवा मला जिन्यातच गाठलं. "तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला माहीत असेल. पोरीला नर्सिंगला टाकतोय. लवकरात लवकर काय होतं ते सांगा." सूर असा, की एसटी स्टँडवर विचारावं, पहिली गाडी कुठली लागलीय?

पहिली लागलेली गाडी एएनएमची. बारावीनंतर २ वर्षं, की आरोग्यसेविका व्हायला मोकळी. उपकेंद्रावर लसीकरण, गरोदर बायांच्या नोंदी, घरोघर पायपीट. कामाला नाव ठेवायची कुणाची प्राज्ञा नाही. खेड्यातलं निम्मं आरोग्य खातं या बायकांच्या चपलांवर चालतं. घोटाळा होतो तो पुढे. पोरगी शहरातल्या हॉस्पिटलात जाते तेव्हा कळतं, स्टाफ नर्स म्हणून उभं राहायला जीएनएम लागतं. ती ३ वर्षं. मग वॉर्डातली कुणी ताई सांगते, शिकवायच्या लाइनला जायचं तर पदवी हवी. मग पोस्ट बेसिक बीएस्सी, आणखी २. दोन अधिक तीन अधिक दोन. सरळ बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांत होतं. म्हणजे शेजारची पोरगी जिथे चौथ्या वर्षी उतरली, तिथे आपली सातव्या वर्षी पोचली. आणि निघताना आपण सगळ्यांना सांगितलं होतं, आमचा शॉर्टकट आहे.

हा हिशेब ऐकून भाऊ म्हणाले, "मग बीएस्सीच करू की." जणू कँटीनमध्ये चहाऐवजी कॉफी सांगितली. बीएस्सीला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात, वर राज्याची सीईटी. जीएनएमला कुठलीही शाखा चालते. त्यामुळे फाटा बारावीला फुटतो असं आपण समजतो, पण तो दहावीच्या निकालादिवशीच फुटलेला असतो: "मुलीच्या जातीला आर्ट्स बरं, क्लासची फी वाचते" असं म्हणून आपण पेढे वाटत असतो तेव्हा.

बरं, आर्ट्सवालीने रडत बसायचं कारण नाही. तिने एएनएमच्या वाटेला न जाता थेट जीएनएम धरावं. परिचर्या परिषदेच्या नोंदणीत जीएनएमवाली आणि बीएस्सीवाली दोघी सारख्याच नोंदणीकृत परिचारिका असतात, आणि सलाइनची बाटली कुणाची पदवी विचारून ठिबकत नाही. फरक पडतो तो अशा ठिकाणी: एम्सच्या भरतीची नॉरसेट परीक्षा बीएस्सीवाली नोंदणी झाल्या झाल्या देऊ शकते, जीएनएमवालीला आधी निदान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. तिथलं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ४४,९०० रुपयांपासून सुरू होतं, असं बोलण्याच्या ओघात निघून गेलं. भाऊंनी जिन्याचा कठडा धरला. "महिन्याला?" त्या दिवसापासून ते 'टाकतोय' म्हणत नाहीत. 'पाठवतोय' म्हणतात.

सगळ्यात महागडी गाडी मात्र वेगळीच. ती नीटची. बारावीनंतर एक वर्ष लातूर, गुण कमी पडले म्हणून आणखी एक वर्ष लातूर. एमबीबीएस गेलं, बीडीएस गेलं, बीएएमएसही दारावरून परत गेलं, की घरातलं कुणीतरी म्हणतं, "निदान नर्सिंग तरी करू दे." निदान! वैद्यकीच्या भाषेत हा शब्द इतक्या चुकीच्या वेळी दुसरीकडे कुठे वापरला जात नसेल. एव्हाना दोन वर्षं आणि क्लासची फी गेलेली, आणि पोरगी पहिल्या दिवसापासून हरलेल्या चेहऱ्याने वॉर्डात शिरते. गंमत म्हणजे नीटचा नर्सिंगला एक खणखणीत उपयोग आहे, तोच क्लासवाले सांगत नाहीत. लष्कराच्या परिचर्या सेवेचं ४ वर्षांचं बीएस्सी पुण्याच्या एएफएमसीत आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनीतही होतं. तिथली निवड नीटच्या गुणांवरून सुरू होते आणि शेवटी खांद्यावर लेफ्टनंटचे तारे येतात. अट अविवाहित मुलींची. 'आधी लग्न, मग बघू' म्हणणाऱ्या घरांनी ही अट जरा मोठ्याने वाचावी.

आणि जर्मनी. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून तालुक्याच्या गावीही 'थेट जर्मनी' असे फलक लागलेत. थेट काही नसतं. तिथे नर्स म्हणून मान्यता हवी तर जर्मन बी-टू पातळीपर्यंत यावं लागतं, आणि ते तीन महिन्यांच्या 'क्रॅश'मध्ये येत नाही. मराठीत तीन लिंगं आहेत म्हणून तुम्हाला सोपं जाईल, असं एक क्लासवाले सांगत होते. 'ती खुर्ची'चं तिकडे 'तो' होतं, हे ते फी भरल्यावर सांगत असावेत. जायचंच असेल तर भाषा पहिल्या वर्षापासून जोडीने घ्यावी. पदवीनंतर सुरू केली की ते आणखी एक लातूर.

पण वर्षं मोजून झाली तरी खरा प्रश्न राहतोच. त्या वर्षांत हात कुठे फिरला?

मागे आईला एका खासगी रुग्णालयात ठेवलं होतं. ऐंशीच्या घरातली बाई, शिरा दोऱ्यासारख्या. चार वेळा टोचून दोन्ही हात काळेनिळे झाले, शेवटी सिस्टर स्वतःच रडकुंडीला आली. पुढे आईला सिव्हिलला हलवलं. तिथे जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. तिने आधी चिकटपट्टीचे तीन तुकडे फाडून ट्रेच्या कडेला चिकटवून ठेवले. मग हात घेतला, दंडाला पट्टा बांधला, आणि शीर डोळ्यांनी शोधायची सोडून बोटाच्या टोकाने चाचपत बसली. "आजी, मूठ आवळा. दुपारी काय जेवलात?" आई म्हणाली, "दोडक्याची..." आणि 'भाजी' म्हणेपर्यंत इंट्राकॅथ आत गेलेला, पट्टा सुटलेला, पहिला तुकडा चिकटलेला. मी विचारलं, कसं जमतं? म्हणाली, "सकाळी सहाच्या आत अख्ख्या वॉर्डाचं रक्त काढायचं असतं, काका. नाही जमलं तर सिस्टर ओरडतात." होस्टेलचं छत गळतं, हेही तिने त्याच सुरात सांगितलं.

उलट टोकाला अशीही कॉलेजं आहेत जिथे प्रसूतीच्या केसबुकात एकच बाळ बारा मुलींच्या वह्यांत जन्मतं. वजन तेच, रडण्याची वेळ तीच, फक्त अक्षर वेगळं. बारा मुलींनी मिळून एक बाळंतपण केलं, ते पण लांबून, दारातून, टाचा उंचावून. कागदोपत्री मात्र सगळं चोख. बीएस्सीच्या कॉलेजला शंभर खाटांचं स्वतःचं पालक रुग्णालय लागतं असा दंडक आहे. पालक आहे, पण घरी नसतो, अशातली गत. तपासणीच्या दिवशी त्या खाटा कशा भरतात ते आसपासच्या जीपवाल्यांना विचारावं.

म्हणून भाऊंना म्हटलं, परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता बघाच, पण आधी खाटा मोजा. रिकाम्या वगळून. ते म्हणाले, तुम्हीच चला.

गेलो. दारात हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल, फायबरची, दिव्यात लाल बल्ब. आत लिफ्ट, संगमरवर, आणि 'मॅनेजमेंट कोटा' हे दोन शब्द 'नमस्कार'सारखे उच्चारणारे एक गृहस्थ. रुग्णालय कुठाय म्हटलं तर म्हणाले, "टाय-अप आहे." किती लांब? "गाडीने फार नाही." भाऊ लिफ्टवर खूश होते. खाटा मोजायच्या राहून लिफ्टमध्ये किती माणसं मावतात हे ते मोजत होते.

पोरगी एवढा वेळ गप्प. मी मागे वळून बघितलं तर ती प्रॅक्टिकलच्या खोलीत पलंगावरच्या बाहुलीपाशी उभी. बाहुलीवर दुकानातून येतं तसं प्लास्टिक होतं. पोरीने ते कोपऱ्यातून वर केलं, रबरी हात उलटा करून कोपराच्या खोबणीत बोट फिरवलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"काका, हिला अजून कुणी एकदासुद्धा टोचलेलं नाही."

भाऊ तेव्हा वरच्या मजल्यावर पोचले होते.