एलिझाबेथचा मुक्काम

निवृत्तीनंतर माणूस एकतर सोसायटीचा सचिव होतो, नाहीतर कादंबरी लिहितो. आमच्या भिंगारमध्ये सचिवपदासाठी आधीच तिघे टपलेले, म्हणून मी दोनशे पानी वही आणली.

नायिका एलिझाबेथ. मूळ मुक्काम ओहायो. सगळं मागे टाकून एका दुर्गम खेड्यात नव्याने संसार मांडते. पहिल्या प्रकरणात ती म्हशीला घाबरली, दुसऱ्यात पुरणपोळी खाऊन रडली. तिसरं सुचेना. याच भिंगारच्या छावणीत 1707 साली औरंगजेबाला शेवट गाठता आला. मला मध्यही गाठवेना.

"मामा, आधी खरी परदेशी बाई बघा तरी," भाचा म्हणाला.

काढली स्कूटर, दौंड रस्त्याने थेट अरणगाव. तिथल्या मेहेराबादला मेहेरबाबांची समाधी. जगभरातून माणसं येतात, काही कायमची राहतात. बाबांनी 10 जुलै 1925 ला मौन धरलं ते 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत. त्यातलं दहा मिनिटांचं मौन मला जमलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

भाजीवालीपुढे एक गोऱ्या आजी मेथीची जुडी उलटी धरून उभ्या होत्या. मी मदतीला धावलो. बहिऱ्याशी बोलावं तसं, हातवारे करत म्हणालो, "धिस... मेथी! व्हेरी गुड!"

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग भाजीवालीकडे. "मावशी, कालची आहे ही. वरून पाणी मारलंय."

"ताईंना नका शिकवू, काका," भाजीवाली मलाच म्हणाली.

लाजेकाजेस्तव मी तीच जुडी विकत घेतली.

"तुम्ही कुठले?" आजींनी विचारलं. भिंगारचा, म्हणालो. कादंबरीचंही सांगून टाकलं.

"छान! कुठे राहते तुमची बाई?"

"दुर्गम खेड्यात."

"म्हणजे कुठे?"

मागून दौंडची एसटी हॉर्न वाजवत गेली. अरणगाव म्हणायची सोय उरली नाही. "पाथर्डीकडे," मी दडपून दिलं.

"मोहटादेवीला जाऊन आलेय मी. आता चांगला रस्ता आहे."

"त्याच्याही पुढे!" म्हणत मी स्कूटरला किक मारली. ती सातव्या किकेला सुरू झाली. तोवर आजी चोक ओढायला सांगत होत्या.

घरी बायकोने पिशवी उघडली, जुडी उलटी धरली.

"अहो, कालची आहे ही."