भक्तराज

एखाद्या खेळाडूवर मनुष्याने जीव लावावा, यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु त्या खेळाडूने न मागता त्याचे वकीलपत्र आजन्म स्वतःकडे घेऊन जो गृहस्थ अहोरात्र मोबाईलच्या कचेरीत हजर असतो, त्या भक्तराजाची गोष्ट निराळी. आमच्या भक्तराजांचे दैवत सचिन तेंडुलकर. दैवताविषयी वाद नाहीच. ज्याच्या नावावर 100 आंतरराष्ट्रीय शतके जमा आहेत, त्याच्या थोरवीस साक्षीदार लागत नाहीत. भक्तराजांनाही साक्षीदार नकोच असतात. त्यांना आरोपी हवा असतो. मला स्वतःला सचिनचा सरळ बॅटीचा ड्राइव्ह फार आवडे, पण हे त्यांच्यासमोर बोलणे जोखमीचे, कारण नुसते आवडणे म्हणजे श्रद्धेत कसूर.

2014 साली आरोपी थेट विम्बल्डनला सापडला. सचिन तेथील रॉयल बॉक्समध्ये बसून गेला होता, आणि तो कोण हे आपणांस ठाऊक नसल्याचे मारिया शारापोव्हाने विचारणाऱ्यास सरळ सांगून टाकले. झाले! फर्मान सुटावे तसे भक्तगण तिच्या फेसबुकवर चालून गेले, आणि वयाच्या सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकलेल्या त्या रशियन बाईस, 'आधी तू कोण ते सांग,' असा खडा सवाल भक्तराजांनी शुद्ध मराठीत टाकला. पुढे खुद्द सचिनने, ती क्रिकेट पाहत नाही, यात अनादर कसला, असे म्हणून फिर्याद निकालात काढली. तरी अशील घरी गेल्यावरही वकिलाचे भाषण चालूच. 2021 मध्ये शेतकरी आंदोलनासंबंधीच्या सचिनच्या ट्वीटवर रुष्ट होऊन केरळातील मंडळींनी त्याच शारापोव्हाची मल्याळममध्ये माफी मागितली, तेव्हा भक्तराजांनी या प्रकाराची नोंद 'फितुरी' अशी केली.

खरी कसोटी लागली ती 15 नोव्हेंबर 2023 रोजी. वानखेडेवर विराट कोहलीने एकदिवसीय सामन्यांतले पन्नासावे शतक काढून सचिनचा 49 शतकांचा विक्रम मोडला, सचिनने उभे राहून टाळ्या वाजविल्या, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरील अकरावीतल्या मुलाने, 'माझ्या मते धावांचा पाठलाग करावा तर विराटनेच,' एवढे एकच वाक्य लिहिले. 'माझ्या मते' हे शब्द भक्तराजांच्या दृष्टीस पडलेच नाहीत. चष्मा कपाळावर सारून, एका तर्जनीने, त्यांनी सात कलमांचा जबाब टंकित केला : 2011 पासून दोन नवे चेंडू आल्याने रिव्हर्स स्विंगचे भय कसे उरले नाही, हे पहिले कलम, वास्तविक ते चांगले होते आणि तेथेच थांबणे शहाणपणाचे ठरते. तिसऱ्या कलमात मुलाचे वय आले, पाचव्यात त्याच्या वडिलांची थकलेली मेंटेनन्स, आणि सातव्यात हे कुटुंब मुळात या इमारतीत आलेच कसे याची चौकशी.

मुलाने उत्तरादाखल अंगठा पाठविला. तो अंगठा संमतीचा की उपहासाचा, याचा निर्णय न झाल्याने भक्तराज रात्री ग्रुप सोडून गेले. परंतु टाकी धुण्याची नोटीस ग्रुपवरच येत असल्याकारणाने सकाळी त्यांनी सेक्रेटरीस फोन करून पुनःप्रवेश मिळविला, नोटीस वाचली, बादल्या भरून घेतल्या, आणि मग लिहिले, 'कलम आठवे.'